उसना घास

माणूस कपाकडे हात नेतो तेव्हा आधी त्याची नजर कपावर जाते. हात साधारण अर्ध्या सेकंदाने निघतो. हे अंतर लहान मुलांत थोडे जास्त असते, सरावाच्या कामात कमी होते, पण क्रम सहसा बदलत नाही. आधी डोळा, मग हात. छायाबाई बिराजदारांच्या बाबतीत तो बदलला होता. त्यांचा उजवा हात पिठाच्या डब्याकडे निघाला, त्याने झाकण उघडले, पीठ परातीत घेतले, आणि मग त्यांची नजर तिकडे गेली. पाहुण्याने न विचारता आपले कपाट उघडावे आणि आपण मागे उभे राहून बघावे, तशी.

मी घड्याळ लावून तीन वेळा मोजले. तिन्ही वेळा हात पुढे आणि डोळे मागे.

हात पीठ मळत होता. गोळा केला, थापायला घेतला. डावा हात, जो धडधाकट होता, तो फक्त कडेने आधार देत होता. भाकरी गोल झाली, तव्यावर गेली, तिच्यावरून पाणी फिरले, उलटली, आणि टम्म फुगली. पक्षाघाताच्या झटक्याला त्या दिवशी बारा दिवस झाले होते.

"टाळ्या!" डॉ. नाडगौडा म्हणाले.

टाळ्या वाजवणारे दोघेच होते, ते स्वतः आणि छायाबाईंचे यजमान शिवानंद बिराजदार. बिराजदार लघुपाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, सत्तरीला टेकलेले गृहस्थ. त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मग भाकरीचा पापुद्रा उचलून तोंडात टाकला.

"तीच चव," ते म्हणाले. "मॅडम, फरकच नाय बघा. आमची छाया परत आली."

छायाबाई फुगलेल्या भाकरीकडे बघत होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते आणि ते आनंदाचेच होते. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढे जे झाले त्यात मी सगळ्यांना मूर्ख ठरवणार आहे. त्या वेळी त्या खरोखर खूश होत्या.

डॉ. नाडगौडांनी पाटीवर लिहिले: स्वयंपाक, सातपैकी सात.

सोलापुरातल्या या रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर माझा विभाग आहे. बाहेर 'व्यवसायोपचार' अशी पाटी आहे. ती वाचून वर्षाला पाच-सहा जण नोकरीचा अर्ज घेऊन येतात. आत एक ओटा आहे, एक पलंग, कठडे लावलेले न्हाणीघर, आणि बटणांच्या सदऱ्यांनी भरलेले एक कपाट. झटका, अपघात किंवा शस्त्रक्रिया यांतून उठलेल्या माणसाला पुन्हा स्वतःचे दात घासता यावेत, वेणी घालता यावी, संडासला जाऊन स्वतःचे स्वतः धुता यावे, एवढेच आमचे काम. पेपरात छापण्यासारखे त्यात काही नसते. एक बटण लावायला शिकवताना कधी तीन आठवडे जातात आणि ज्या दिवशी ते लागते त्या दिवशी रुग्ण आणि मी सोडून कुणाला ते कळतही नाही.

गेल्या वर्षी बाही आली आणि तीन आठवड्यांची गोष्ट तीन दिवसांवर आली.

बाही कोपरापासून बोटांच्या टोकांपर्यंत असते. कापड पातळ, मोज्यासारखे. त्यात विजेने आकसणारे धागे विणलेले आहेत, म्हणजे बाहेरून घातलेले स्नायूच. आतल्या बाजूला चौसष्ट टिपके आहेत. मेंदूने हाताला आज्ञा दिली की स्नायूंत फार क्षीण विद्युतलहरी उमटतात, त्या हे टिपके वाचतात. झटक्यानंतर ही आज्ञा पोचते, पण निम्मीअधिक पुसलेली. काहीतरी करायचे आहे एवढेच तिच्यातून कळते, नेमके काय ते कळत नाही. मधल्या गाळलेल्या जागा यंत्र अंदाजाने भरते. अंदाज कशावरून बांधायचा? तर त्या माणसाच्या पूर्वसवयीवरून. त्यासाठी कंपनी घरच्यांकडून आजाराआधीचे चित्रण मागवते. हल्ली गॅस-सुरक्षेसाठी घरोघरी स्वयंपाकघरात कॅमेरे आहेतच, तेव्हा चित्रणाला तोटा नसतो.

कल्पना वाईट नाही. मी भौतिकशास्त्राची पदवी घेऊन या शाखेत आले आणि यंत्राची भीती मला कधीच वाटली नाही. यंत्राच्या भोवती जमणाऱ्या माणसांची वाटते.

डॉ. नाडगौडा पूर्वी हाडांचे डॉक्टर होते. आता ते निर्देशांकाचे आहेत. अठरा कामे, प्रत्येकी सात गुण, एकूण एकशे सव्वीस. याला स्वावलंबन निर्देशांक म्हणतात. रुग्णालयाची सरासरी खालच्या दालनात मोठ्या पडद्यावर दिसते आणि रोज सकाळी डॉक्टर तिच्यासमोर क्षणभर उभे राहतात. लोक गणपतीसमोर राहतात तसे. बाही आल्यापासून सरासरी चाळीसने वाढली होती. घरी जाणाऱ्या रुग्णाला 'स्वावलंबी' असा पट्टा घालून फोटो काढायची पद्धतही त्यांचीच. पट्टा घालायला नर्स लागते, कारण फोटोत दिसू नये म्हणून बाही तोवर काढलेली असते.

या फोटोंखालच्या अकरा गुणपत्रिकांवर माझी सही आहे.

*

त्याच दिवशी दुपारी जेवणाची चाचणी होती. बिराजदारांनी खानावळीतून दोन डबे आणले होते. छायाबाईंसमोर ताट ठेवले: भाकरी, वांग्याची भाजी, शेंगांची चटणी, ताक. समोर बिराजदार स्वतःचे ताट घेऊन बसले. मी बाही चालू केली.

हाताने भाकरीचा तुकडा मोडला. भाजीत बुडवला. चटणी लावली. उचलला. मग कोपर वळले, हात टेबलावरून पलीकडे गेला आणि तुकडा बिराजदारांच्या ताटात ठेवला.

"अगं, तू खा की," बिराजदार म्हणाले आणि तुकडा खाल्ला.

हात परत आला. दुसरा तुकडा मोडला. पुन्हा पलीकडे.

तिसऱ्या वेळी छायाबाईंनी डाव्या हाताने उजव्याचे मनगट धरले. धाग्यांची ताकद धरणाऱ्या हातापेक्षा जास्त असते. धरलेल्या डाव्या हातासकट उजवा हात टेबलावरून फरफटत गेला आणि घास नवऱ्याच्या ताटात पडला. छायाबाईंचे तोंड अर्धवट उघडे होते. घासासाठी उघडलेले.

"सवयच हाय तिला," बिराजदार कौतुकाने माझ्याकडे बघून म्हणाले. "आधी मला वाढल्याशिवाय घशाखाली उतरतच नाय तिच्या."

त्यांनी तो घासही खाल्ला. मी बाही बंद केली आणि छायाबाईंना चमच्याने भरवले. उष्ट्या चमच्यावर ओठ मिटताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

बिराजदारांनी दिलेले चित्रण दीड महिन्यातल्या स्वयंपाकाच्या वेळांचे, एकशे वीस तासांचे होते. मी ते सोळापट वेगाने दोन दुपारी बसून पाहिले. कॅमेऱ्याच्या चौकटीत ओटा येत होता, शेगडी येत होती, आणि जेवणाच्या टेबलाची एक बाजू. त्या बाजूला बिराजदारांची खुर्ची. छायाबाई मळतात, थापतात, चिरतात, फोडणी देतात, वाढतात, पुसतात. बिराजदार सत्त्याण्णव वेळा जेवतात. छायाबाई एकदाही जेवत नाहीत. एकदा त्यांनी आमटीचे मीठ बघायला बोट जिभेला लावले होते. एकशे वीस तासांत त्यांचा हात स्वतःच्या तोंडापर्यंत तेवढ्यापुरता गेला होता.

यंत्राला दोष देण्यासारखे काही नव्हते. अस्पष्ट आज्ञा आली, हातात घास आहे, हा हात घासाचे काय करतो? जे दिसले होते तेच त्याने केले.

"बिराजदार सर," मी विचारले, "या जेवतात कुठं?"

"कोण, छाया? जेवती की. मागं."

"मागं म्हणजे?"

"मागच्या दाराच्या पायरीवर बसती. हवा येती तिथं." मग त्यांना वाटले असावे की मला काहीतरी गैर वाटते आहे. "तिलाच आवडतंय, मॅडम. आम्ही काय म्हणत नाय तिला तिथं बस म्हणून."

"किती वाजता?"

त्यांनी विचार केला. बेचाळीस वर्षांच्या संसारात हा प्रश्न त्यांना प्रथमच पडला होता हे उघड दिसत होते. "आमचं झाल्यावर," ते म्हणाले.

*

डॉ. नाडगौडांकडे मी चित्रणाचा तक्ता घेऊन गेले. त्यांनी तो वाचला नाही. तक्ते वाचणारी माणसे निर्देशांक काढत नाहीत.

"येणगुरे मॅडम, तुम्ही फार खोलात जाता. जेवण हा एक आयटम आहे. सात गुण. 'डाव्या हाताने करू शकतात' असं लिहा, पाच मिळतील."

"त्या डाव्या हाताने जेवायला तयार नाहीत. मी विचारलं."

"मग चित्रण वाढवा."

"त्यांच्या जेवणाचं चित्रण नाहीच, सर. कुणी काढलेलंच नाही."

ते हसले. हुशार मुलाला सोपे गणित अडल्यावर मास्तर हसतात तसे. "मिस्टरांचं आहे ना? सत्त्याण्णव जेवणं म्हणालात. तेच टाकू. हात तो हात. घास उचलायचा, तोंडात घालायचा. त्यात नवरा-बायकोचं काय वेगळं असणार?"

मी म्हणाले की गिळण्याच्या स्नायूंनाही झटक्याचा थोडा फटका बसला आहे, त्यांचा वेग मंद आहे. ते म्हणाले, "ट्राय तर करू." इंग्रजीत म्हटले की या माणसाला जबाबदारी वाटेनाशी होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी छायाबाई नवऱ्याच्या हाताने जेवल्या.

हाताने प्रथम कांदा ताटाच्या कडेला ठेवून मुठीने फोडला. छायाबाई कांदा खात नाहीत, हे मला नंतर कळले. मग भाकरीचा चतकोर मोडून भाजीत चुरला, आमटी ओतली, पाच बोटांनी कालवला आणि केवढा तरी मोठा घास केला. अशा घासासाठी तोंड जेवढे उघडावे लागते तेवढे छायाबाईंनी उघडलेही. पहिला घास अजून गालात असताना हात दुसरा घेऊन आला. बिराजदार भराभर जेवतात. चित्रणात मी पाहिले होते, त्यांचे एक जेवण सहा मिनिटांत संपते.

"बघा!" बिराजदार खुर्चीत पुढे सरकले. "जेवली की! माझ्यासारखीच जेवाय लागली!"

तिसरा घास ओठांवर आदळला. छायाबाईंनी मान वळवली. हात मानेबरोबर वळला. त्या खोकू लागल्या. पहिल्यांदा ओला खोकला, मग कोरडा, मग आवाजच येईना. मी बाहीची वायर ओढून काढली, त्यांना पुढे वाकवले, पाठीत तळव्याचे पाच दणके दिले. भाकरीचा लगदा टेबलावर पडला. श्वास आला. चेहरा काळवंडलेला होता तो हळूहळू लाल झाला.

बिराजदार उभे राहिले होते. "सावकाश खायचं ना गं," ते म्हणाले.

डॉ. नाडगौडांनी लिहिले: जेवण, सातपैकी सहा. एक गुण त्यांनी खोकल्याबद्दल कापला. घाई कमी करायची सूचना कंपनीला पाठवतो, म्हणाले. आणि मग त्यांनी कायम जोडणीचा विषय काढला.

कापडी बाही फक्त रुग्णालयात चालते. घरी न्यायची तर कोपराखाली केसाएवढ्या अकरा तारा त्वचेखाली कायमच्या बसवाव्या लागतात. मग पाण्याचे भय नाही, धुणे-भांडी सगळे होते. त्यासाठी रुग्णाची तोंडी संमती लागते.

"परवा बसवून टाकू," बिराजदार म्हणाले. "गुरुवारी येळवस हाय, डॉक्टर. शेतात चाळीस माणूस जेवाय असतंय. भज्जी, उंडे, आंबील, सगळं हिच्या हाताखाली. बाकीच्या बायकांना जमत नाय."

मार्गशीर्षातल्या अमावास्येला आमच्या या भागात सगळे गाव शेतात जेवायला जाते. ती येळवस. मला तो सण आवडतो. ते वाक्य ऐकल्यापासून जरा कमी आवडतो.

"काय छायाबाई, देणार ना संमती?" डॉक्टरांनी विचारले.

छायाबाईंच्या बोलण्यावरही झटक्याचा परिणाम होता. समजत सगळे होते. शब्द मात्र विहिरीतून पोहऱ्याने ओढावा तसा एकेक वर येई आणि निम्मे वाटेत सांडत. एक शब्द त्यांना पटकन यायचा.

"उद्या," त्या म्हणाल्या.

*

रोज चारनंतर माझ्याकडे तासभर मोकळा असतो. मी छायाबाईंची बाही काढली. खालचा हात घामाने पांढरा पडला होता, सुरकुतला होता. मी त्यांच्यासमोर वाटीत दहीभात ठेवला आणि चमच्याच्या दांड्याला जुना पंचा गुंडाळला, म्हणजे सैल मुठीत तो मावेल.

"उचला," मी म्हणाले.

हात उचलला गेला नाही. मग बोटे हलली. मग चमचा पडला. आठव्या वेळी तो वाटीत गेला. पंधराव्या वेळी भातासकट वर आला, हेलकावत चेहऱ्याच्या दिशेने निघाला आणि कानावर जाऊन आदळला.

कानात दहीभात गेलेल्या छायाबाई हसल्या. एका बाजूनेच हसू येत होते, पण आवाज पुरता होता. त्यांचे डोळे मात्र संपूर्ण वेळ चमच्याच्या पुढे होते.

मी त्यांना सांगितले ते इथेही सांगते. मेंदू चुकीवर शिकतो. हात तोंडाऐवजी कानाकडे गेला की मेंदूला खबर मिळते, किती चुकले आणि कुठल्या बाजूला. पुढच्या खेपेला तो तेवढे वळण घेतो. झटक्यात जो भाग मेला तो जिवंत होत नाही, पण शेजारचे भाग त्याचे काम उचलतात. मात्र त्यांना हजारो वेळा चुकायला मिळाले पाहिजे, आणि तेही पहिल्या तीनेक महिन्यांत. नंतर ही तयारी झपाट्याने आटत जाते. बाही हात चुकूच देत नाही. मेंदूला दिसते की सगळे बिनचूक झाले, मग तो शिकेल कशाला? घरात कामाला माणूस असताना मालक झाडू हाती धरत नाही, तसे.

"वळसंगचे एक शिंपी होते," मी म्हणाले. "गेल्या वर्षी तारा बसवून घेतल्या. निर्देशांक एकशे वीस. सहा महिन्यांनी यंत्र दुरुस्तीला गेलं. आठ दिवस त्यांना बायको आंघोळ घालत होती. मी हात तपासला. लाकूड झालं होतं. आता काही करता येत नाही त्याचं."

"सही...?" छायाबाईंनी विचारले.

"हो. माझीच सही होती. तेव्हा मला एवढं माहीत नव्हतं, असं मी म्हणू शकते. खरं म्हणजे माहीत होतं."

त्यांनी चमचा वाटीत ठेवला. मग म्हणाल्या, "भाकरी?"

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होते. खोटे बोलणे सोपे होते. "बाही काढून इथं आठ आठवडे राहिलात, रोज सहा तास असं केलंत, तर जेवण्यापुरता हात येतो. माझ्या वहीत दहांतल्या सहा जणांचा आलाय. भाकरी थापण्याएवढा फार थोड्यांचा. तुमचा येईल असं मी म्हणणार नाही."

त्यांनी डाव्या हाताने उजव्याची बोटे एकेक सरळ केली. झटका येईपर्यंत त्या हाताच्या भाकरीवर चाळीस माणसे येळवशीला येत होती. बाहीने तो हात त्यांना परत दिला होता, निदान बाहेरून तसाच दिसणारा. मी देऊ करत होते तो कानात भात घालणारा.

"भाकरी... फुगली... तवा..." त्या म्हणाल्या.

"म्हणजे बाहीनं फुगली तेव्हा तुम्हाला बरं वाटलं. आणि आता तुम्हाला भीती वाटते की..."

त्यांनी डावा तळहात टेबलावर आपटला. वाटी उडाली.

मी थांबले. मी त्यांचे वाक्य पुरे करत होते. बिराजदार करतात तसे, बाही करते तसे, अंदाजाने. रुग्णाचे रुग्णाला करू द्यावे, हे पंधरा वर्षे शिकवणारी बाई मी.

"चुकले," मी म्हणाले. "बोला. मी थांबते."

पण तोवर शब्द निसटला होता. त्यांनी मान हलवली. "उद्या," त्या म्हणाल्या आणि पुन्हा चमचा धरला.

*

बुधवारी सकाळी दहा वाजता संमती घ्यायची होती. तारा निर्जंतुक करून तयार होत्या. डॉ. नाडगौडांनी पट्टा इस्त्री करून आणला होता. बिराजदारांनी मुलाला कॅनडात फोन लावून टेबलावर ठेवला होता. तिकडे रात्र असल्याने मुलगा न बोलता जांभया देत होता.

सोमवारपासून डॉक्टरांनी छायाबाईंना चार वेळा विचारले होते आणि चारही वेळा 'उद्या' हे उत्तर मिळाले होते. आता उद्या उरला नव्हता.

"आई, देऊन टाक ना," मुलगा म्हणाला. "सोपं आहे सगळं."

संमतीचे यंत्र म्हणजे स्टँडवर उभी केलेली एक पाटी. ती प्रश्न वाचून दाखवते आणि उत्तर नोंदवते. उत्तर दहा सेकंदांत यावे लागते. न आल्यास शेजारी बसलेल्या जवळच्या नातेवाइकाचे उत्तर ग्राह्य धरले जाते. ज्यांना बोलताच येत नाही अशा रुग्णांची सोय म्हणून हा नियम झाला. बोलायला वेळ लागतो अशा रुग्णांचा कुणी विचार केला नव्हता.

बिराजदार खुर्ची ओढून अगदी शेजारी बसले.

"छायाबाई शिवानंद बिराजदार," यंत्र म्हणाले, "आपण उजव्या हातास कायम जोडणी बसवून घेण्यास संमती देता का?"

पडद्यावर दहाचा आकडा आला. नऊ. आठ. छायाबाईंचे ओठ हलले. जबडा ताणला गेला. मानेची शीर उभी राहिली. सहा. पाच.

"हो म्हण, छाया," बिराजदार हलक्या आवाजात म्हणाले. "लाजती ती. हो म्हण."

तीन. त्यांनी घसा खाकरला, स्वतःचे उत्तर द्यायला.

मी यंत्र स्टँडवरून काढले आणि बंद करून मांडीवर उलटे ठेवले.

"येणगुरे मॅडम!" डॉ. नाडगौडांचा आवाज चिरकला. "काय करताय हे?"

"वेळ देतेय."

"नियमात दहा सेकंद आहेत."

"ज्यानं नियम केला त्याला झटका आलेला नव्हता."

"तुम्हाला कळतंय का, हे तुमच्या नोकरीवर..."

"कळतंय. बसा, सर. तुमच्याकडं आज दुसरं काही काम नाही, पट्ट्याला इस्त्री झालेली दिसतेय." मग मी बिराजदारांकडे वळले. "आणि तुम्ही बोलायचं नाही."

"मी कुठं बोललो?"

"बोलणार होतात."

ते खरेच गप्प बसले. मला वाटते, त्यांना असे कुणी सांगितलेच नव्हते.

मी घड्याळाकडे बघितले नाही. मोजायची सवय आहे तरी. खोलीत फक्त कॅनडातल्या मुलाच्या श्वासाचा आवाज होता. छायाबाईंनी डोळे मिटले, उघडले. एकदा सुरुवात केली, अक्षर फुटले नाही. पुन्हा केली. बिराजदारांचा हात पाण्याच्या ग्लासाकडे गेला.

"पाणी पाहिजे का गं तुला?"

"गप," छायाबाई म्हणाल्या. "बसा."

बिराजदारांनी ग्लास खाली ठेवला. बेचाळीस वर्षांत बायकोच्या तोंडून हे ऐकलेले नसावे. मुलाचे डोळे उघडले.

छायाबाईंनी डाव्या हाताने उजव्या कोपराजवळची पट्टी चाचपली, तिचे टोक सापडेपर्यंत बोटे फिरवली आणि ओढले. बाही सैल झाली. ती मनगटापर्यंत खाली गोळा झाली. कुणी मदत केली नाही. मी दोन्ही हात मांडीवरच्या यंत्रावर घट्ट दाबून ठेवले होते.

"तारा... नको," त्या म्हणाल्या. मध्ये बराच वेळ गेला. "हे पण... नको."

"अगं, पण उद्या येळवस..." बिराजदारांच्या तोंडून निघालेच.

"करा... तुमची... तुम्ही."

"आणि घर? घरचं कोण बघणार? आई, बोल की काहीतरी," मुलगा फोनवरून म्हणाला. "किती दिवस राहणार आहेस तिथे?"

छायाबाई फोनकडे वळल्या नाहीत. त्या नवऱ्याकडे बघत होत्या. शब्द एकेक वर येत होते. या वेळी एकही सांडला नाही.

"माझ्या... हातानं... मला... जेवता येईस्तोवर," त्या म्हणाल्या, "मी... घरी... येत नाही."